पंचेचाळिसाव्या अक्षांशावरचं वर्ष

पुण्या-नागपूरहून थेट, किंवा मधली काही वर्षं टेक्सास-कॅलिफोर्नियात काढून मिनेसोटात येणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्यात सगळीकडून एकच सल्ला मिळतो: घर घ्याल तर गराज घराला जोडलेलं बघून घ्या. सल्ला चांगलाच आहे. जानेवारीत पारा उणे २५ सेल्सियसला टेकतो तेव्हा त्याची किंमत कळते. पण त्या सल्ल्यातून एक जगणंही तयार होतं. घरच्या गराजमधून निघालेली गाडी ऑफिसच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये शिरते. मिनिआपोलिसच्या मध्यवस्तीत १९६२पासून एकेक इमारत दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या पुलांनी जोडत नेली आहे आणि आज हे जाळं जवळपास १५ किलोमीटरचं झालं आहे. बँक, दवाखाना, जेवण, केस कापणं, सगळं कोट न घालता उरकतं. नोव्हेंबर ते एप्रिल आभाळाखाली उभं राहायची वेळच येत नाही.

मी या राज्यात बरीच वर्षं राहते आहे. दहा-दहा वर्षं इथं राहून प्रत्येक मॉल पाठ असलेली, पण घरापासून दोन मैलांवरचं तळं हिवाळ्यात एकदाही न पाहिलेली अनेक कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्याविषयी मला आस्था आहे आणि थोडं दुःखही. खिडकीच्या आतून पाहिलेला हिवाळा नुसता लांबत जातो. त्यात घडत काहीच नाही. बाहेर पडणाऱ्याला मात्र या राज्यात प्रत्येक ऋतूचं काम वेगळं दिसतं आणि त्या कामात भाग घेता येतो. अडचण थंडीची कमी आणि माहितीची जास्त असते. ती माहिती जमेल तितकी एकत्र करावी, एवढ्यासाठी हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मधली, ४५ अंशांची रेषा मिनिआपोलिसच्या अंगावरून जाते. पुण्यात वर्षातला सर्वात लहान आणि सर्वात मोठा दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक असतो. इथं डिसेंबरचा दिवस पावणेनऊ तासांचा, तर जूनचा साडेपंधरा तासांहून मोठा. राज्याच्या उत्तर भागातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ला उणे ५१ सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. तो आजवरचा राज्यातला नीचांक आहे. १९९१च्या हॅलोविनच्या वादळानं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सुरुवात करून मिनिआपोलिसवर २८ इंच आणि लेक सुपीरिअरकाठच्या डुलुथवर जवळजवळ ३७ इंच बर्फ टाकला होता. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे ती बातमी होते. त्या अंदाजानं इथली तयारी करून चालत नाही.

तयारी म्हणजे कपडे, आणि कपड्यांतली पहिली गोष्ट म्हणजे अंगालगत सुती बनियन नको. चालताना घाम येतो, कापूस तो धरून ठेवतो आणि थांबलात की तोच ओलावा अंग गारठवतो. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, मधे ऊब धरणारं फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटं एकत्र ठेवणारे मिटन जास्त उबदार. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे निसरड्या बर्फावर हाडं वाचवतात. आणि तापमानापेक्षा वाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. उणे १८ सेल्सियसला ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ती थंडी उणे २८ची वाटते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात हिमदंशानं बधिर होऊ शकते. हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. ते ठाऊक असले की किती वेळ बाहेर राहायचं हे ठरवता येतं. इथल्या अनेक शाळा बऱ्याच थंडीतही मधल्या सुट्टीत मुलांना पटांगणावर सोडतात. मुलं सहज रुळतात, बिचकतो आपण.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि हिवाळ्यात ती बहुतेक सगळी गोठतात. पाणी ४ सेल्सियसला सर्वात जड असतं. शरदात वरचं पाणी थंड होत तळाशी बसतं आणि खालचं वर येतं. या घुसळणीतून प्राणवायू तळापर्यंत पोचतो. सगळं तळं ४ अंशांवर आलं की त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि तिथंच गोठतं. म्हणून बर्फ छतासारखा वर असतो आणि खाली मासे हिवाळाभर जगतात. पाण्याचा हा गुण नसता तर तळी बुडापासून गोठत आली असती आणि उत्तरेकडच्या या तळ्यांत काही जगलं नसतं.

या छतावर उतरण्याचे नियम आहेत. राज्याचं निसर्गसंपदा खातं सांगतं की पायी चालायला किमान ४ इंच स्वच्छ, नवा बर्फ हवा आणि छोट्या मोटारीला ९ ते १० इंच. पांढरा, हवा धरलेला बर्फ निम्म्या ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट धरायची. झरे, नाल्यांची तोंडं आणि पुलांच्या खालच्या जागा टाळायच्या. कितीही जाड असला तरी पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतो, हे ते खातं दर वर्षी बजावतं. जाणकार माणूस टोकदार पहार टोचत पुढे जातो आणि गळ्यात दोन बर्फखिळे अडकवतो. पाण्यात पडलाच तर काठावर रोवून वर यायला ते कामी येतात.

मिल लॅक्स या प्रचंड तळ्यावर जानेवारीत मासेमारीच्या झोपड्यांची आख्खी वस्ती उभी राहते, त्यांच्यामधून बर्फ सारून केलेले रस्ते असतात. बर्फाला गिरमिटानं भोक पाडायचं, छोटी काठी घेऊन बसायचं, वॉलाय माशाची वाट पाहायची. मासे न खाणाऱ्यांनीही एकदा तिथं जाऊन बसावं असं मी आग्रहानं सांगते, कारण तापमान बदललं की बर्फ ताणला-आकसला जातो आणि तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल घुमणारा आवाज धावत जातो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस जागचा हलत नाही. जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला जोडून, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना बर्फावरच्या मासेमारीला नेणाऱ्या रहिवासी मोठ्यांना परवाना लागत नाही, असा शनिवार ते सोमवारचा काळ राज्य दर वर्षी ठेवतं. नवख्यानं तो साधावा.

थंडी साजरी करण्याची इथली रीत जुनी आहे. पूर्वेकडच्या एका वार्ताहरानं सेंट पॉल शहराला दुसरा सैबेरिया म्हणून हिणवलं. त्याला उत्तर म्हणून गावानं १८८६मध्ये विंटर कार्निव्हल सुरू केला आणि बर्फाच्या लाद्यांचा महाल बांधला. तो उत्सव आजही भरतो. मला मात्र त्याहून जवळचा वाटतो तो राज्य उद्यानांतला मेणबत्त्यांचा कार्यक्रम. जानेवारी-फेब्रुवारीत काही उद्यानं संध्याकाळी जंगलातल्या पायवाटांच्या दोन्ही कडांना दिवे लावतात आणि लोक त्या उजेडात चालतात, स्की करतात. दिवाळी उरकून दोन-तीन महिने झालेले असतात. आमच्या ओळखीतली आजी-आजोबा मंडळी हिवाळ्यात आनंदानं बाहेर पडतात ती याच संध्याकाळी.

हिवाळ्याचं दुसरं मोठं दर्शन माँटिसेलो गावी. तिथं मिसिसिपीकाठच्या अणुवीज केंद्रातून येणाऱ्या कोमट पाण्यामुळे नदीचा एक पट्टा गोठत नाही आणि शेकडो ट्रम्पेटर हंस तिथं उतरतात. उत्तर अमेरिकेतला हा सर्वात मोठा पाणपक्षी. शिकारीमुळे १८८०च्या दशकापर्यंत मिनेसोटातून तो नाहीसा झाला होता. १९६६मध्ये हेनेपिन काउंटीच्या उद्यान विभागानं तो परत आणायचं काम हाती घेतलं. पुढे राज्यही त्यात उतरलं आणि आज इथं हजारो हंस आहेत. संपलेली गोष्ट माणसांनी चिकाटीनं परत आणली, हे मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल अशा जागा जगात फार नाहीत.

ज्या हिवाळ्याला आपण भितो, तो हळूहळू विरतोही आहे. गेल्या ५० वर्षांत इथल्या तळ्यांवरचा बर्फाचा काळ सरासरी १० ते १४ दिवसांनी घटला आहे. २०२३-२४चा हिवाळा राज्याच्या नोंदींतला सर्वात उबदार ठरला. डुलुथकडची जॉन बेअरग्रीस ही कुत्र्यांच्या गाड्यांची लांब पल्ल्याची शर्यत त्या वर्षी बर्फाअभावी रद्द झाली. मिनिआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये स्कीची जागतिक स्पर्धा झाली ती यंत्रानं केलेल्या बर्फावर. याच राज्यातल्या आफ्टन गावची जेसी डिगिन्स, २०१८ची ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेती, त्यात घरच्या माणसांसमोर धावली. हिवाळा उबदार झाला म्हणून आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला होता. तळ्यावर पोट असणाऱ्यांना तो श्वास महाग पडला, हे आपण विसरू नये.

मार्चमध्ये बर्फ असतोच, पण रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असं तापमान खेळू लागलं की शुगर मेपलच्या खोडात रस चढतो. खोडाला छोटं भोक पाडून नळी ठोकतात, खाली बादली अडकवतात. रस पाण्यासारखा पातळ आणि जेमतेम गोड असतो. एक लिटर पाक व्हायला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. कोल्हापूरकडच्या माणसाला त्या शेडमध्ये शिरताच गुऱ्हाळात आल्यासारखं वाटतं: खाली लाकडं धडधडतात, उथळ काहिलीतून वाफ उसळते, अनुभवी माणूस पळीवरून घसरणाऱ्या थेंबाकडे पाहत असतो. रस १०४ सेल्सियसला उकळू लागला की पाक झाला. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे आणि डकोटा लोक युरोपीय येण्याच्या फार आधीपासून हे करत आले आहेत. त्यांच्याकडे साखरेच्या राईत वसंतात अख्खं कुटुंब मुक्कामाला जाई. आता शहराजवळची निसर्ग केंद्रं मार्चच्या शनिवार-रविवारी लोकांना बोलावून हे दाखवतात. झाडांना पानं फुटायच्या सुमाराला रसाची चव उतरते आणि हंगाम संपतो. चार ते सहा आठवड्यांचं काम, चुकलं तर वर्षभर थांबा.

एप्रिल चिखलाचा. डबक्यांमधून रानबेडकांचा आवाज सुरू होतो. हा वूड फ्रॉग हिवाळाभर पाचोळ्याखाली गोठून पडलेला असतो. त्याचं हृदय थांबतं, अंगातल्या पाण्याचा बराच भाग बर्फ होतो आणि पेशींमध्ये भरलेल्या साखरेमुळे तो मरत नाही. त्याच दिवसांत झाडांना पानं येण्याआधी जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हावर हेपॅटिका, ब्लडरूट, ट्रिलियम अशी फुलं घाईघाईनं उमलतात आणि सावली दाटली की मावळतात. जूनमध्ये गुलाबी-पांढरं लेडीज स्लिपर फुलतं. हे राज्याचं फूल आहे. त्याला पहिल्यांदा फुलायला १६ वर्षंही लागू शकतात आणि ते तोडणं गुन्हा आहे.

आता माझ्या सर्वात आवडीच्या भागाकडे येते. डुलुथपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत लेक सुपीरिअरच्या काठानं जाणारा महामार्ग ६१. हे सरोवर ८२,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं, आणि ४०६ मीटर खोल आहे. जुलैतही त्यात पाय घातला तर कळ लागते. या काठावर गूसबेरी धबधब्याशी सह्याद्रीत वाढलेला माणूस थबकतो. काळ्या कातळाच्या एकावर एक पायऱ्या, त्यांच्यावरून उड्या घेत येणारं पाणी, कातळात बुडबुड्यांची भोकं. ही ओळख खरी आहे. हा बेसॉल्टच आहे, लाव्हाच्या थरांचा. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, हा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी. त्या काळी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागलं होतं, भेगांतून लाव्हा वर आला आणि मग फाटणं अर्ध्यावर थांबलं. खचलेल्या त्या खोलगटीला हिमनद्यांनी पुढे खरवडलं आणि त्यात सरोवर साठलं.

लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर खनिजं भरत गेली. आपल्याकडे पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींत त्यांतून झिओलाइटचे स्फटिक मिळतात. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत आहे. इथं त्याच रीतीनं तयार झाले लाल-नारिंगी पट्ट्यांचे ॲगेट. त्यांचा लाल रंग लोहाचा. लेक सुपीरिअर ॲगेट हे १९६९पासून राज्याचं रत्न आहे. काठावरच्या गोट्यांत ते शोधणं हा इथल्या मुलांचा उन्हाळी उद्योग आहे, मात्र राज्य उद्यानांच्या हद्दीत दगड उचलायला बंदी आहे. परक्या मुलखात आपल्या डोंगरांचा हा थोरला भाऊबंद भेटावा, याचा आनंद मला दर वेळी तितकाच होतो. इथं वाढणाऱ्या मराठी मुलांना मी हरिश्चंद्रगड आणि गूसबेरी एकाच दमात शिकवते.

याच रस्त्यावर कड्याच्या टोकाला स्प्लिट रॉक दीपगृह आहे. १९०५च्या नोव्हेंबरमधल्या वादळानं अनेक जहाजं फोडली, त्यानंतर ते बांधायचं ठरलं आणि १९१०मध्ये ते उजळलं. आता ते वापरात नाही, पण १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी दर वर्षी दिवा लावतात. १९७५मध्ये त्या तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे खनिजवाहू जहाज २९ खलाशांसह बुडालं. त्या २९ जणांची नावं वाचली जातात, प्रत्येक नावाला घंटा होते. नोव्हेंबरचा वारा चेहऱ्यावर घेत तिथं उभं राहिलं की या सरोवराला लोक समुद्र का मानतात ते कळतं.

उन्हाळ्याचा दुसरा मुलूख बाउंडरी वॉटर्स. कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं रान, १,१०० हून जास्त तळी, १९७८च्या कायद्यानं राखलेलं. मोजक्या तळ्यांखेरीज यंत्राची होडी चालत नाही. कनू वल्हवायची, तळं संपलं की ती डोक्यावर घेऊन पायवाटेनं पुढच्या तळ्यावर न्यायची. या वाटांची लांबी आजही ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड साडेसोळा फुटांचा, साधारण एका कनूच्या लांबीचा. एका गटात ९ पेक्षा जास्त माणसं नकोत, मे ते सप्टेंबर मुक्कामाला परवाना आधी काढावा लागतो. डबाबंद पदार्थांचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला मनाई आहे, तेव्हा लोणचं घरीच प्लॅस्टिकच्या छोट्या बरणीत भरून घ्या. अन्न अस्वलांपासून दूर ठेवायचं, तंबूत काहीही खायचं नाही. रात्री तळ्यावर लून पक्षी साद घालतो आणि लांबच्या तळ्यावरून दुसरा ओ देतो. डास भरपूर, आणि त्यांहून सांभाळायची ती हरणांच्या गोचिडी: त्यांतून लाइम रोग होतो. संध्याकाळी गुडघ्यामागे, केसांत, काखेत तपासायचं, ही सवय मुलांना पहिल्या सहलीपासून लावा.

ऑगस्ट सरताना उत्तरेच्या उथळ तळ्यांवर रानतांदूळ पिकतो. ओजिब्वे त्याला मनोमिन म्हणतात. पाण्यावर अन्न उगवतं तिथं वस्ती करा, या जुन्या भाकितामागे त्यांचे पूर्वज पश्चिमेकडे चालत इथं आले अशी त्यांची परंपरा सांगते. होडीत दोघं: एक लांब दांड्यानं होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी लोंब्या होडीत वाकवून झोडपतो. निसटलेले दाणे पाण्यात पडतात आणि पुढच्या वर्षीचं पीक तेच. मग वाळवणं, भाजणं, मोकॅसिन घातलेल्या पायांनी तुडवणं, बर्चच्या सालीच्या सुपात पाखडणं. १८३७च्या तहात राखलेला शिकार, मासेमारी आणि वेचणीचा हक्क मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी न्यायालयात लढून टिकवला. १९९९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. रानतांदूळ विकत घेताना पाकिटावर कोणी आणि कसा काढला ते वाचावं. शेतात लावलेला आणि तळ्यावर झोडपलेला, दोन्हींची चव आणि किंमत वेगळी असते. तळ्यावरच्या तांदळाचा दाणा लवकर शिजतो, आणि त्याचा मसालेभात फार छान होतो.

सप्टेंबरच्या मध्याला डुलुथचं हॉक रिज. शिकारी पक्ष्यांना मोठ्या पाण्यावरून उडणं नको असतं, कारण थंड पाण्यावर उबदार हवेचे झोत उठत नाहीत. म्हणून कॅनडातून दक्षिणेला निघालेले ससाणे सरोवराचा काठ धरून डुलुथच्या टेकडीवर एकवटतात. १९७२पासून इथं पद्धतशीर मोजणी चालते. १५ सप्टेंबर २००३ या एका दिवसात एक लाखाहून अधिक पक्षी गेले, बहुतेक ब्रॉड-विंग्ड हॉक, दक्षिण अमेरिकेच्या वाटेवर. आपल्याकडे नोव्हेंबरात लोणावळ्याच्या आसपास अमूर ससाणे दिसतात, सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेकडे निघालेले. ते पाहिलेल्याला इथं दुर्बीण लावायला कोणी शिकवावं लागत नाही.

रंगांबद्दल थोडंच सांगते, कारण त्यांचे फोटो सगळेच काढतात. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की तो दिसतो. लाल मात्र पान त्या दिवसांत नव्यानं तयार करतं, आणि स्वच्छ ऊन व गार रात्री मिळाल्या तर तो चढतो. हे रंग सप्टेंबरच्या मध्याला उत्तरेत सुरू होतात आणि महिनाभरात दक्षिणेला पोचतात. राज्य दर आठवड्याला त्याचा नकाशा काढतं. गर्दी ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, दलदलीतले टॅमरॅक सोनेरी होतात. सूचिपर्णी असून पानं गाळणारं हे झाड आहे आणि ते बघायला फारसं कोणी जात नाही. तुम्ही जा. कोजागरीचं दूध थर्मासात घालून नेलंत तर आणखी बरं, त्या दिवसांत रात्री पारा शून्याकडे उतरू लागलेला असतो.

शेवटी कामाचं. राज्य उद्यानांचा गाडीचा पास दिवसाचा किंवा वर्षाचा मिळतो, तो सत्तरच्या वर उद्यानांत चालतो. अनेक उद्यानं स्नोशू भाड्यानं देतात, निसर्गसंपदा खातं नवशिक्यांसाठी तंबू, कनू आणि मासेमारीचे वर्ग घेतं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सगळ्या राज्य उद्यानांत गाडीला पास लागत नाही. त्या दिवशी आपली बहुतेक मंडळी सवलतीच्या रांगेत असतात. यंदा तसं करू नका. आदल्या रात्री लोकरीचे थर काढून ठेवा, चहाचा थर्मास आणि मुलांच्या मोज्यांची एक जास्तीची जोडी घ्या, घरापासून तासाभराच्या आतलं उद्यान निवडा आणि दहापर्यंत पोचा. चारपर्यंत गाडीपाशी परत या, कारण त्या दिवसांत सूर्य साडेचारच्या सुमाराला मावळतो.